थांबलेल्या जेट स्कीच्या फूटवेलमध्ये साचणारे पाणी : एक प्रकरण अभ्यास

हाउराकी आखात म्हणजे ऑकलंड शहराच्या पूर्वेला पसरलेला, बेटांनी भरलेला समुद्र. जेट स्कीवर बसून मासे धरण्याची जी पद्धत न्यूझीलंडमध्ये रुजली आहे, तिचे हे एक मुख्य ठिकाण. 'जेट स्की' हे मुळात कावासाकी कंपनीचे व्यापारी नाव. पण इथे कोणत्याही कंपनीच्या अशा वाहनाला सर्रास जेट स्कीच म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरतो. आपल्याकडे तारकर्ली किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकांना दहा मिनिटे फिरवून आणणारे हे वाहन. इथली माणसे मात्र त्यावर बर्फ, आमिष आणि तीन-चार रॉड बांधून पहाटे निघतात, वीस-तीस किलोमीटर आत जातात आणि इंजिन बंद करून तासन्‌तास वाऱ्यावर वाहत स्नॅपर नावाचे मासे धरतात. वेगाने धावण्यासाठी घडवलेले वाहन अशा दिवशी बहुतेक वेळ थांबलेले असते, आणि या लेखातील सगळी अडचण त्या थांबण्यातून उभी राहते.

प्रकरण माझ्या भाच्याच्या जेट स्कीचे आहे. ती तीन आसनी, सुमारे ३.४ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद, सत्तर लिटरची पेट्रोलची टाकी असलेली, वापरलेली म्हणून घेतलेली होती. मासेमारीचा साज त्याने एका दुकानातून बसवून घेतला. मागच्या सपाट फळीवर, म्हणजे एरवी पोहणारा माणूस जिथून वर चढतो त्या जागेवर, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर पंचेचाळीस लिटरची बर्फाची पेटी असा तो साज होता. पेटीच्या दोन्ही बाजूंना रॉड उभे करण्याच्या नळ्या आणि खाली जादा पेट्रोलचा दहा लिटरचा कॅन ठेवण्याची सोय होती. दिसायला हे सगळे फार नेटके दिसत होते.

जेट स्कीच्या आसनाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यासाठी लांबट खोलगट जागा असते, तिला फूटवेल म्हणतात. तिचा तळ मागच्या बाजूला किंचित उतरता असतो आणि मागे निचऱ्याची भोके असतात. वाहन वेगात असले की नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचललेली राहते, आत आलेले पाणी उतारावरून मागे जाते आणि भोकांतून बाहेर पडते. ही रचना चांगली आहे, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे भोकाची कड बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल. कड पाण्याखाली गेली की ज्या भोकातून पाणी जायचे त्याच भोकातून ते आत येते.

भाच्याची तक्रार साधी होती. निघताना पाय कोरडे असायचे, मासेमारीला थांबल्यावर दहा मिनिटांत टाचा भिजायच्या आणि दीड-दोन तासांत फूटवेलच्या मागच्या टोकाशी सात सेंटिमीटर, पुढे दोन सेंटिमीटर पाणी उभे राहायचे. त्या पाण्यात पिलचर्डचे (आमिषाच्या लहान माशाचे) खवले, तुटक्या दोरीचे तुकडे, शिशाच्या गोळ्या आणि एखादा सुटा गळ तरंगत किंवा तळाशी फिरत असायचा, आणि त्यातच त्याचे पाय. हिवाळ्यात हाउराकी आखाताचे पाणी चौदा अंशांच्या आसपास उतरते. हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता कितीतरी झपाट्याने ओढून घेते, आणि शून्य ते पंधरा अंशांच्या पाण्यात पाय फार वेळ राहिले तर बर्फ न होताही त्वचेखालच्या नसा आणि मज्जातंतू दुखावतात, हे वैद्यकात मान्य झालेले आहे. घरी आल्यावर त्याच्या पायांची बोटे पांढरी पडलेली आणि बधिर असायची. गरम पाण्याची बादली पुढे ठेवली तरी ती किती गरम आहे ते त्याला तास-दीड तास कळत नसे. मला हे प्रकरण हातात घ्यावेसे वाटले ते यासाठी. गैरसोय म्हणून ते सोडून देण्यासारखे नव्हते.

पहिला उपाय आणि तो का फसला

पहिला उपाय त्याने मला न विचारता केला, किंवा खरे सांगायचे तर फोनवर सांगून टाकला. "मामा, मी भोकंच बुजवून टाकतो. आत येणारच नाही पाणी." मी त्याला म्हटले, "अरे, ती भोकं आत आलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. वरून आलेलं पाणी कुठून जाईल?" त्यावर तो म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका, वरून येतंच किती!" त्याने हार्डवेअरच्या दुकानातून निमुळती रबरी बुचे आणली आणि दोन्ही बाजूंना घट्ट ठोकून बसवली.

दोन फेऱ्या उत्तम गेल्या. फूटवेलमध्ये जेमतेम बोटभर पाणी होते. तिसऱ्या फेरीला तो मोटुइहे बेटाजवळच्या खाडीत ओहोटीच्या वेळी थांबलेला होता आणि वारा ओहोटीच्या उलट सुटला. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते, हे आपल्या खाड्यांच्या तोंडाशी होड्या नेणाऱ्यांना सांगावे लागत नाही. जेट स्की आडवी फिरली, एक लाट काठावरून आत आली, पाठोपाठ दुसरी आली आणि दोन्ही फूटवेल काठोकाठ भरले. एका फूटवेलची लांबी शंभर, रुंदी बावीस आणि खोली पंधरा सेंटिमीटर धरली तर त्यात तेहतीस लिटर पाणी मावते. दोन्ही मिळून छासष्ट लिटर, म्हणजे जवळपास एका माणसाचे वजन, आणि तेही इकडून तिकडे हलणारे वजन. अशा हलत्या पाण्याचा धोका वजनापेक्षा मोठा असतो, कारण वाहन ज्या बाजूला कलते त्याच बाजूला आणि त्याच टोकाला ते धावते व कल वाढवते. त्याने वेग घ्यायचा प्रयत्न केला, पण मागचा भाग इतका बसला होता की नाळ आकाशाकडे झाली आणि वाहन पाण्यावर उचललेच जाईना. शेवटी त्याला आसनावरून मागे सरकून, पेटीच्या सांगाड्याखाली हात घालून, थंडीने आखडलेल्या बोटांनी बुचे उपटावी लागली. एक निघाले. दुसरे इतके घट्ट बसले होते की पक्कडीशिवाय हलेना, आणि पक्कड पेटीत होती.

तो सुखरूप परतला. अंगात लाइफ जॅकेट होते आणि व्हीएचएफ रेडिओ छातीला बांधलेला होता, चॅनल १६ वर, म्हणजे संकटात मदत मागण्याच्या वाहिनीवर, आवाज देण्याची वेळ आली नाही. पण या प्रसंगावरून जो नियम मी धरला तो त्यानंतर मोडू दिलेला नाही : निचऱ्याची वाट कायमची बंद करणारा कोणताही उपाय करायचा नाही, मग पाय कितीही ओले होवोत.

पाणी येते कुठून

आमचे मूळ गाव देवगड तालुक्यात. लहानपणी होडीत पाणी आले की नारळाच्या करवंटीने ते उपसण्याचे काम आम्हा पोरांकडे असायचे, पण त्याआधी वडीलधारे माणूस पाण्याकडे पाहून पाणी कुठल्या बाजूने येते ते ठरवायचे. वरून आलेले पाणी, फटीतून झिरपणारे पाणी आणि होडी जड झाल्यामुळे काठावरून आलेले पाणी, या तिन्हींना उपाय वेगळे. इथेही तसेच करायचे ठरवले आणि भाच्याला सांगितले की चार दिवस काहीही विकत आणायचे नाही.

एका वारा नसलेल्या सकाळी ऑकलंडमधल्या हाफ मून बे इथे, होड्या पाण्यात सोडण्याच्या रॅम्पशेजारी, तरंगत्या धक्क्याला जेट स्की बांधली. पेट्रोलची टाकी पूर्ण भरलेली होती. मागच्या भोकाच्या आतल्या कडेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजत गेलो. सांगाडा व पेटी काढून ठेवल्यावर, वर कोणीही नसताना, कड पाण्यापासून सहा सेंटिमीटर वर होती. ब्याऐंशी किलोचा भाचा चालकाच्या जागी बसला तेव्हा ती साडेतीन सेंटिमीटर वर राहिली. मग सांगाडा बसवला, पेटी भरली. रिकामी पेटी सात किलो, पंधरा किलो बर्फ, दहा लिटर समुद्राचे पाणी, तीन किलो आमिष; शिवाय सांगाडा सहा किलो, पेट्रोलचा कॅन साडेसात किलो, नांगर-साखळी-दोर मिळून सहा किलो. हे सगळे चौपन्न-पंचावन्न किलो वजन मागच्या टोकावर गेले आणि कड पाण्याखाली दीड सेंटिमीटर गेली. फूटवेलमध्ये पाणी आपोआप, शांतपणे, एकही लाट नसताना आत आले.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण तो समजला की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. या आकाराच्या जेट स्कीचा पाण्यावर टेकलेला पृष्ठभाग अंदाजे तीन चौरस मीटर धरला तर साधारण तीस किलो वजनाला ती सर्वत्र सारखी एक सेंटिमीटर बसते. त्या मानाने पंचावन्न किलोंनी ती दोन सेंटिमीटरही बसायला नको होती. पण वजन मध्यभागी नव्हते, मध्यापासून जवळजवळ दीड मीटर मागे होते, आणि तराजूच्या दांडीसारखी नाळ उचलून मागचा भाग आणखी तीनेक सेंटिमीटर खाली गेला. वजन किती यापेक्षा ते कुठे ठेवले यानेच जास्त नुकसान केले होते. हेच आणखी स्पष्ट दिसले ते भाचा आमिष घेण्यासाठी मागे वळून आसनावर साठ सेंटिमीटर मागे सरकला तेव्हा. कड आणखी दोन सेंटिमीटर खाली गेली आणि टाचेपाशी पाणी चढताना डोळ्यांनी दिसले. मासेमारीच्या दिवशी असा तो किती वेळा वळतो हे विचारले, तेव्हा तो गप्प बसला.

शंका उरू नये म्हणून फूटवेलच्या पुढच्या भागात खायचा लाल रंग थोडा ओतला. पाणी बाहेर जात असते तर रंग भोकांकडे ओढला गेला असता. तो पुढेच थबकून राहिला आणि मागच्या टोकाला स्वच्छ हिरवट पाणी त्याला ढकलत होते.

तरी एक गोष्ट या मापांत बसत नव्हती. धक्क्यावरच्या पाण्याची पातळी पाच मिनिटांत ठरली आणि स्थिर राहिली, पण भाच्याच्या सांगण्यानुसार समुद्रावर ती दोन तास हळूहळू वाढत जायची. लाटांनी थोडे-थोडे पाणी आणले असेल म्हणून मी ते सोडून दिले असते, पण होडीत हळूहळू वाढणारे पाणी म्हणजे झिरप, हे डोक्यात बसलेले होते. पुढच्या फेरीहून तो परत आला तेव्हा जेट स्की ट्रेलरवर घेतल्याबरोबर मागची दोन्ही तळबुचे, म्हणजे पोटातले पाणी सोडण्याची बुचे, काढली आणि खाली दहा लिटरची बादली धरली. ती भरली, ओतली आणि पुन्हा जवळजवळ अर्धी भरली. फूटवेलचा विचार करता करता आम्ही वाहनाच्या पोटाकडे पाहायचेच विसरलो होतो.

एका तळबुचाच्या रबरी वायसरमध्ये रेतीचा एक कण रुतून त्याला खाच पडली होती. नखाने चाचपली तर लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. त्या खाचेतून तासाला पाच-सात लिटर पाणी येत असणार. धावताना ते कळत नव्हते, कारण अशा अनेक वाहनांत पोटातले पाणी काढण्याची जी नळी असते ती जेटच्या, म्हणजे वाहन ढकलणाऱ्या पाण्याच्या झोताच्या, ओढीवर चालते. इंजिन जोरात चालू असेल तेव्हाच ती पाणी ओढते आणि इंजिन बंद असताना काहीही करत नाही. म्हणजे येता-जाता पोट रिकामे आणि थांबल्यावर भरत जाणारे. पोटातले चौदा लिटर पाणी मागच्या बाजूला गोळा झाले की कड आणखी सुमारे एक सेंटिमीटर खाली, त्यामुळे फूटवेलमध्ये आणखी पाणी, त्याच्या वजनाने मागचा भाग आणखी खाली. सात सेंटिमीटरचा सगळा हिशेब लागला.

मला असे वाटते की फूटवेलमध्ये पाणी साचते अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे पाहावे. रबरी वायसर क्षुल्लक किमतीचे असते. पोटात पाणी असलेले वाहन घेऊन किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर इंजिन बंद करून बसणे ही मात्र क्षुल्लक गोष्ट नाही.

वजन पुढे आणणे

वायसर बदलल्यावर पोटात निघणारे पाणी कपभरावर आले. त्याशिवाय तासाला सुमारे एकोणीसशे लिटर उपसणारा एक छोटा विजेचा पंप पोटात बसवला. त्याची बाहेरची नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर आणि मध्ये उंच वळसा देऊन काढली, नाहीतर पंप बंद असताना तीच नळी उलटे पाणी आत आणू शकते.

मग पेटीचा विचार. भाच्याला ती पंचेचाळीस लिटरची पेटी सोडवत नव्हती. त्याला मी नियमावलीच समोर ठेवून विचारले. या भागात स्नॅपरला माणशी दिवसाला सात मासे आणि किमान तीस सेंटिमीटर लांबी अशी मर्यादा आहे. (हा स्नॅपर म्हणजे आपली तांबोशी नव्हे, तो निराळ्या कुळातला मासा आहे, पण कालवणात तितकाच चांगला लागतो.) सात मासे मिळून क्वचितच दहा किलोंच्या वर जातात, आणि किंगफिशला तर किमान लांबीच पंचाहत्तर सेंटिमीटर असल्याने तो त्या पेटीत सरळ मावतही नाही. पंधरा किलो बर्फ हा मासे ताजे ठेवण्यासाठी नसून पेटी मोठी आहे म्हणून भरला जात होता. पंचवीस लिटरची पेटी घेतली, सहा किलो मिठाचा बर्फ, मासा धरल्यावर लगेच मेंदूत खिळा घालून मारणे आणि मग बर्फ-पाण्यात ठेवणे, इतके पुरले. समुद्राचे पाणी मासेमारीच्या जागी पोहोचल्यावरच पेटीत घ्यायचे. मोठ्या माशासाठी उष्णतारोधक लांब पिशवी घडी करून पुढच्या कप्प्यात ठेवली. नांगर, साखळी आणि दोरही पुढच्या कप्प्यात गेले. पेट्रोलचा जादा कॅन घरी राहिला. सत्तर लिटरच्या टाकीत जेवढे जाणे-येणे होते तेवढेच करायचे, आणि टाकीचा तिसरा हिस्सा नेहमी शिल्लक ठेवूनच परतायचे.

पेटी ठेवायची कुठे, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मागची फळी मोकळी ठेवायची हे ठरले होते. फूटवेल कोरडे राहावेत हे त्याचे एक कारण, पण त्याहून मोठे कारण असे की पाण्यात पडलेला माणूस त्याच फळीवरून वर चढतो, आणि तिथे पेटी व सांगाडा असला की हिवाळी कपड्यांत, थकलेल्या हातांनी वर येणे अतिशय कठीण होते. भाच्याने पूर्वी हे करून पाहिलेच नव्हते. आम्ही करून पाहिले, कमरेएवढ्या पाण्यात, मी शेजारी उभा असताना. पेटी असताना तो तिसऱ्या प्रयत्नात चढला आणि सांगाड्याच्या कडेने त्याची नडगी सोलली. शेवटी मागच्या माणसाच्या आसनावर, आसनाच्या आकाराप्रमाणे खालून कोरलेला मरीन प्लायवूडचा पाट घालून, त्यावर लहान पेटी दोन पट्ट्यांनी बांधली. यात तोटा आहे आणि तो सांगितला पाहिजे : पेटी मागच्या फळीवर होती त्यापेक्षा उंचावर गेली, त्यामुळे आडवा डोल किंचित वाढला. वजन निम्म्याहून कमी झाले होते म्हणून तो आम्ही पत्करला. जुनी जड पेटी त्या उंचीवर ठेवायला मी तयार झालो नसतो.

धक्क्यावर पुन्हा माप घेतले. भाचा चालकाच्या जागी, पेटी भरलेली, टाकी भरलेली : कड पाण्यापासून दोन सेंटिमीटर वर. तो मागे वळून पेटीतले आमिष काढू लागला तरी कड पाण्याला जेमतेम टेकली. पेटी आता हाताशी असल्यामुळे त्याला पूर्वीइतके मागे सरकावेही लागत नव्हते. अजून एकही झडप, एकही गादी बसवली नव्हती, आणि मोठे दुखणे संपले होते.

एकदिशा झडपा, फोम आणि गादी

उरले ते लाटांचे आणि कलण्याचे पाणी. निचऱ्याच्या भोकांना आता बाहेरच्या बाजूने रबरी जिभेच्या एकदिशा झडपा लावल्या. आतून दाब आला की जीभ उघडते, बाहेरून आला की मिटते. या झडपांकडून लोक फार अपेक्षा ठेवतात, म्हणून त्यांची मर्यादा सांगतो. आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा उंच असेल तेव्हाच झडप पाणी सोडते. कड पाण्याखाली असेल तर आत शिरलेले पाणी बाहेरच्या पातळीपर्यंत तसेच उभे राहते. झडप ते उपसत नाही. म्हणून वजन हलवण्याआधी त्या लावून उपयोग झाला नसता. दुसरे असे की पिलचर्डचा एक खवला किंवा शेवाळाचा धागा जिभेत अडकला की ती मिटत नाही. भाचा आता प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुताना जीभ बोटाने उचलून पाहतो.

फूटवेलच्या अगदी मागच्या तीस सेंटिमीटरमध्ये पाय कधी जात नाही, पण पाणी आधी तिथेच साचते. ती जागा बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न पिणाऱ्या फोमच्या ठोकळ्याने भरून काढली, खाली दोन बोटे रुंद मोरी ठेवून. त्यामुळे लाट आत आली तरी साठायला जागाच कमी. उरलेल्या भागात चार सेंटिमीटर उंचीची, खालून खाचा असलेली गादी टाकली; थोडे पाणी आले तर ते गादीखालून वाहते आणि तळवे वर राहतात. गादी आणखी उंच करता आली असती, पण पाय जितका वर येतो तितका काठाचा आधार कमी होतो आणि धावताना गुडघ्यांनी पकड घेणे अवघड जाते. ठोकळा आणि गादी दोन्ही चिकटपट्टीवर न सोडता बांधून टाकली, कारण सुटलेला फोमचा तुकडा वाहनाखाली गेला तर जेटच्या तोंडात ओढला जाऊन इंजिन तिथेच थांबवतो.

आडवे बसण्याची सवय हा यातला सर्वांत चिवट भाग होता. मासा ओढताना दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसणे सोयीचे असते, पण शरीर मध्यरेषेपासून वीस सेंटिमीटर सरकले तरी त्या बाजूचा काठ पाच-सहा सेंटिमीटर खाली जातो आणि त्या बाजूची कड पाण्यात बुडते. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. सी-डू कंपनीने २०१९ च्या वर्षी खास मासेमारीसाठी जी फिश प्रो आणली, तिच्या काठावरच तिरकी पायटेकणी दिलेली आहेत, म्हणजे आडवे बसल्यावर पाय फूटवेलमध्ये न ठेवता काठावर टेकावेत. शिवाय तिची मागची फळी लांबवलेली आहे. पेटी मागे ठेवायची असेल तर तेवढी जादा तरंगण्याची शक्ती मागे हवी. जुन्या वाहनावर नुसती पेटी मागे चढवणारे दुकान ही दुसरी गोष्ट विसरते. भाच्याच्या जेट स्कीवर अशी सोय नाही, म्हणून त्याने बैठक मध्यावर ठेवून कंबरेतून वळायचे शिकून घेतले. सुरुवातीला त्याचे दोन चांगले मासे सुटले, हे तो अजून मला ऐकवतो.

वाहत असताना वाहन लाटेला आडवे राहू नये म्हणून नाळेवरून पाण्यातला पॅराशूट सोडायचा, म्हणजे तोंड लाटेकडे राहते. तो मागून कधीही सोडायचा नाही, नांगर तर नाहीच. मागून बांधलेले वाहन लाटेवर उचलले जात नाही आणि ती सरळ फूटवेलमध्ये घेते. दोरी पाण्यात असताना इंजिन चालू करायचे नाही, हेही त्यातच आले.

धिम्या वेगाबद्दलही एक गोष्ट मोजताना लक्षात आली. पाच ते बारा-पंधरा किलोमीटर ताशी वेगात, म्हणजे वाहन पाण्यावर पूर्ण उचलले जाण्याआधी, मागचा भाग थांबलेल्या अवस्थेपेक्षाही खाली बसतो. आमिष ओढत हळू फिरणाऱ्यांचे पाय सर्वांत ओले राहतात ते यामुळे. आत पाणी आलेच तर दर अर्ध्या-पाऊण तासाने मिनिटभर तीस किलोमीटरच्या वेगाने सरळ धाव घेतली की फूटवेल आणि पोट दोन्ही रिकामी होतात. किनाऱ्यापासून दोनशे मीटरच्या आत आणि दुसऱ्या होडीपासून किंवा पोहणाऱ्यापासून पन्नास मीटरच्या आत पाच नॉटची (ताशी सुमारे नऊ किलोमीटरची) मर्यादा आहे, त्यामुळे ही धाव मोकळ्या पाण्यातच घ्यावी लागते.

जुलैच्या शेवटी मी त्याच्याबरोबर दुसऱ्या जेट स्कीवर गेलो. रांगिटोटो बेटाच्या पलीकडे अर्धा मीटर लाटेत तो अडीच तास वाहत होता. जवळ जाऊन पाहिले तर गादीच्या खाचांमध्ये ओल होती, मागच्या मोरीत एक सेंटिमीटर पाणी पुढे-मागे होत होते आणि गादीवर त्याचे निओप्रीनचे बूट कोरडे, वर मिठाची पांढरी रेघ धरलेले होते. मासा वर घेताना येणारे पाणी मात्र टळत नाही, ते येते आणि जाते.

दोन माणसांचा प्रश्न सुटलेला नाही. मामी नको म्हणत असताना एकदा मी त्याच्या मागे बसलो. पेटी परत मागच्या फळीवर गेली, माझे सत्तर किलो आसनाच्या मागच्या टोकावर, आणि कड पाण्याखाली चार सेंटिमीटर. पेटी काढून फक्त पिशवी घेतली तरी कड पाण्याखालीच राहिली. झडपा, फोम, गादी सगळे जागेवर असूनही आम्हा दोघांच्या टाचा तासाभरात भिजल्या. त्या दिवशी आम्ही लवकर परतलो, आणि तेव्हापासून त्या जेट स्कीवर मासेमारीला एकच माणूस जातो.